इ.स. १२५८ : बगदाद, एक ज्वालामुखी आणि देवगिरीतला हत्तींचा कारभारी

वाटाड्या (धागाकर्ता)

शाळेत सनावळ्या उभ्या पाठ करून घेतात. एक घराणं, त्यातले राजे, एकाखाली एक. मला त्या आडव्या वाचायची खोड आहे. एकच साल धरायचं आणि त्या साली कोण कुठे काय करत होतं ते बघत बसायचं. १२५८ इतकं ठासून भरलेलं साल मला अजून तरी भेटलेलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात बगदादपासून, कारण १२५८ म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. चंगीजखानाचा नातू हुलागू इराणातले इस्माइली या शिया पंथाचे किल्ले मोडून मोकळा झाला होता. अलामूत १२५६ मध्येच पडलं. थोरला भाऊ मोंगके हा मंगोलांचा सर्वोच्च खान, आणि हुलागू त्याच्याच हुकमानं पश्चिमेला निघालेला. बगदादच्या गादीवर अब्बासी घराण्याचा ३७ वा खलिफा अल-मुस्तासिम. हातात सत्ता बगदाद आणि आसपासच्या मुलखापुरती, पण हुलागूला उत्तरं अशी पाठवायचा की जणू पूर्वेपासून पश्चिमेपर्यंतचे सगळे मुसलमान याच्या एका हाकेसरशी तलवारी उपसून धावत येणार आहेत. प्रत्यक्षात कोणी फिरकलं नाही. वजीर इब्न अल-अल्कमी आणि सेनापती दवातदार यांच्यातून विस्तव जात नव्हता. शहरात शिया-सुन्नी दंगली होऊन गेलेल्या. सैन्यावर खर्च करायला खलिफाचा हात आखडलेला.

जानेवारीत दवातदाराची फौज तैग्रिसच्या पश्चिम तीरावर मंगोलांवर चालून गेली. मंगोलांनी रातोरात तिच्या पिछाडीचे बांध फोडले. उजाडल्यावर मागे पाणी, पुढे मंगोल. २९ जानेवारीला शहराला वेढा पडला, १० फेब्रुवारीला खलिफा बाहेर येऊन शरण गेला, १३ तारखेपासून आठवडाभर लूट आणि कत्तल. २० फेब्रुवारीला खलिफाला मारलं. राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही हा मंगोलांचा दंडक, म्हणून गुंडाळून तुडवून मारलं असं बहुतेक जण लिहितात. मार्को पोलो मात्र खलिफाला त्याच्याच खजिन्यात कोंडून उपाशी मारल्याचं सांगतो. गोष्ट म्हणून झकास आहे, यापलीकडे तिच्यात दम नाही. मेले किती? खुद्द हुलागूनं पुढे फ्रान्सच्या राजाला धाडलेल्या पत्रात दोन लाखांचा आकडा आहे. नंतरचे काही लेखक आठ लाखांपर्यंत जातात.

यातला माझा आवडता प्रसंग कत्तलीआधीचा आहे. स्वारी करावी की नाही म्हणून हुलागूनं ज्योतिष्यांना विचारलं. हुसामुद्दीन म्हणाला, खलिफाच्या घराण्यावर हात टाकलात तर सहा अनर्थ होतील : घोडे मरतील नि शिपाई आजारी पडतील, सूर्य उगवणार नाही, पाऊस पडणार नाही, वादळं नि भूकंप होतील, जमिनीतून काही उगवणार नाही, आणि एक मोठा राजा वर्षाच्या आत मरेल. मग नसिरुद्दीन तुसीला विचारलं. हा मोठा गणिती आणि खगोलज्ञ, दोन वर्षांपूर्वीच अलामूतहून हुलागूच्या पदरी आलेला. तो म्हणाला, काहीही होणार नाही. होईल ते एवढंच की खलिफाच्या जागी आपण असाल.

आता नकाशावर उजवीकडे सरका. हुलागू बगदादला वेढा घालत होता त्याच दिवशी, २९ जानेवारी १२५८ ला, आजच्या हनोईत म्हणजे तेव्हाच्या थांग लाँगजवळ मंगोल मार खात होते. मंगोल सेनापती सुबुताईचा मुलगा उरियांगखदाई युन्नानातून दाई व्हिएतमध्ये (आजचा उत्तर व्हिएतनाम) उतरला होता. राजा त्रान थाई ताँगनं राजधानी रिकामी करून दिली. मंगोल आत शिरले तर त्यांना त्यांचेच दूत बांबूंनी करकचून बांधलेले सापडले. धान्य नाही, हवा मानवेना. काही दिवसांतच दाँग बो दाऊच्या धक्क्यावर त्रानांनी उलटा हल्ला चढवला आणि मंगोल परत गेले.

त्याच वर्षी शिराझमध्ये सादीनं ‘गुलिस्तां’ पुरं केलं. शिराझच्या अताबेगानं, म्हणजे तिथल्या राजानं, मंगोलांपुढे आधीच मान तुकवली होती, म्हणून शहर शाबूत. सादी प्रस्तावनेत लिहितो की वसंतात हाती घेतलेलं पुस्तक बागेत थोडी फुलं शिल्लक होती तोवर संपलंसुद्धा. बगदाद पडून जेमतेम दोन-तीन महिने झाले असतील! आणि हा माणूस तरुणपणी बगदादच्या निझामिया मदरशात शिकलेला. खलिफावर त्यानं विलापिकाही लिहिली, पण ती वेगळी. पुस्तकात मात्र ‘तो आमच्या सुखाचा काळ होता’ असं म्हणून त्यानं हिजरी ६५६ हे साल घातलंय.

आता घरी या. देवगिरीला यादव कृष्ण, म्हणजे कन्हरदेव, राज्य करतोय. त्याच्या दरबारात जल्हण नावाचा अधिकारी, हत्तीदळाचा प्रमुख. बापाकडून चालत आलेलं पद. या जल्हणाच्या नावावर ‘सूक्तिमुक्तावली’ हा संस्कृत सुभाषितांचा मोठा संग्रह आहे. प्रत्यक्ष जुळणी वैद्य भानू पंडितानं केली. शके ११७९, अभ्यासक ते १२५८ धरतात. म्हणजे एक सुभाषितांचं पुस्तक शिराझला, एक देवगिरीला, आणि मधे बगदाद धुमसतंय. ज्ञानेश्वर जन्मायला अजून १७ वर्षं आहेत. हेमाद्रीचं नाव गाजायचंय, ते पुढे महादेव-रामचंद्राच्या अमलात.

तर प्रश्न असा : १२५८ मधली सगळ्यात मोठी घटना कोणती? बगदाद असं उत्तर देणाऱ्यांनी कारण द्यावं.

---

अबोली

मस्त धागा! वाचनखूण साठवली. ती तैग्रिस नदी शाईनं काळी झाल्याची गोष्ट खरी का? प्रत्येक फॉरवर्डमध्ये असते. पुस्तकांचा पूल करून घोडे पार गेले वगैरे.

---

वाटाड्या

अबोलीताई, ग्रंथालयं लुटली गेली यात वाद नाही. शाई आणि पुलाच्या गोष्टी मात्र नंतरच्या लेखकांच्या. फॉरवर्डमध्ये ‘बैत अल-हिकमा (खलिफांचं ‘ज्ञानगृह’) जाळलं’ असतं तेही सोडून द्या. ती नवव्या शतकातली गोष्ट; १२५८ मध्ये त्या नावाची संस्था चालू होती याला आधार नाही. तेव्हाची मोठी ग्रंथालयं निझामिया आणि मुस्तनसिरिया मदरशांतली. मुस्तनसिरियाची इमारत तर आजही उभी आहे.

तुसीनं बरीच पुस्तकं उचलून इराणातल्या मराघ्याला नेली. तिथे १२५९ मध्ये वेधशाळेचं काम सुरू झालं. परंपरेत चार लाख ग्रंथांचा आकडा येतो, तो मी तरी जसाच्या तसा घेणार नाही.

यापेक्षा एका मुलाचं सांगतो. इब्न अल-फुवती, वय १४, बगदादच्या लुटीत मंगोलांनी धरून नेला. पुढे तुसीनं त्याला आपल्याकडे घेतलं, मराघ्याच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल केलं. नंतर तो बगदादला परतला आणि त्याच मुस्तनसिरियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला! म्हणजे २०-२२ वर्षांनी तिथे सांभाळण्याजोगं ग्रंथालय होतं. आणखी एक, याकूत अल-मुस्तासिमी. याच खलिफाचा गुलाम आणि अरबी सुलेखनातलं सर्वांत मोठं नाव. खाली कत्तल चालली असता हा मिनारात लपला, कागद नव्हता म्हणून कापडाच्या तुकड्यावर अक्षरं गिरवत बसला, अशी आख्यायिका आहे. सुलेखनकारांनी पुढे त्याचं चित्रही काढलंय.

---

भूगर्भातला

बगदाद नाही. माझं मत सामालासला.

इंडोनेशियातलं लोम्बोक बेट, बालीच्या शेजारचं. तिथला सामालास ज्वालामुखी १२५७ मध्ये फुटला. राखेचा स्तंभ ४० किलोमीटरच्या वर गेला. डोंगराचा माथा राहिलाच नाही. त्या जागी आता सेगारा अनाक नावाचं तळं आहे आणि बाजूला रिंजानी शिखर. पायथ्याची पामातान नावाची राजधानी गाडली गेली. ताडपत्रांवरच्या ‘बाबाद लोम्बोक’मध्ये त्याचं वर्णन आहे.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांना स्फोट आधी माहीत होता, डोंगर नंतर सापडला. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फाच्या गाभ्यांत १२५८-५९ च्या थरात गंधकाची प्रचंड रेघ होती. दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी रेघ म्हणजे ज्वालामुखी विषुववृत्ताजवळचा, एवढं कळत होतं. पण कोणता? अनेक दशकं शोध चालला होता, २०१३ मध्ये सामालास नक्की झाला. राख बेटाच्या पश्चिमेला जास्त साचलीय, म्हणजे वारा पूर्वेकडून होता, म्हणजे तिकडचा कोरडा मोसम, साधारण मे ते ऑक्टोबर. पुरावा वाचायची ही पद्धत मला फार आवडते.

१८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या स्फोटानंतर युरोपात उन्हाळाच आला नाही हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. सामालासनं हवेत सोडलेलं गंधक त्याहून जास्त.

आणि हुसामुद्दीनकडे पुन्हा बघा. ‘जमिनीतून काही उगवणार नाही’. जपानात १२५८ च्या आठव्या महिन्यात वादळानं पिकं झोपवली, पुढे दुष्काळ नि साथी. भिक्षू निचिरेननं १२६० मध्ये राजसत्तेला जो प्रसिद्ध ग्रंथ सादर केला त्याच्यामागे हीच वर्षं आहेत. इंग्लंडात उपासमार. ‘मोठा राजा मरेल’. मोंगके खान ऑगस्ट १२५९ मध्ये चीनच्या स्वारीत गेला, मुदत थोडी हुकली इतकंच. बिचाऱ्या ज्योतिष्याला हुलागूनं पुढे मारूनच टाकलं.

---

सातासमुद्रापार

लंडनहून लिहितोय. माझ्या ऑफिसपासून स्पिटलफील्ड्स चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे सेंट मेरी स्पिटल या मध्ययुगीन रुग्णालयाच्या दफनभूमीत बाजाराच्या बांधकामाआधी उत्खनन झालं आणि साडेदहा हजारांवर सांगाडे निघाले. त्यातले बरेच एकेका खड्ड्यात थरावर थर रचलेले. बिशप्स स्क्वेअरला काचेच्या फरशीतून खाली एक दगडी तळघर दिसतं, दुपारी लोक त्यावर उभे राहून सँडविच खात असतात. (ते तळघर १३२० च्या आसपासचं. हाडं उकरली गेली की आणून ठेवायची जागा.)

आधी वाटलं होतं की सामूहिक खड्डे १३४८ च्या प्लेगचे. रेडिओकार्बननं ते त्याच्या शंभरेक वर्षं आधीचे ठरवले आणि मग वर्तमानपत्रांत ‘ज्वालामुखीचे बळी’ असे मथळे आले. इथे माझी हरकत आहे. रेडिओकार्बन काही एका वर्षावर बोट ठेवत नाही. शिवाय सेंट ऑल्बन्सच्या मठातला भिक्षू मॅथ्यू पॅरिस त्या काळात वर्षागणिक नोंदी ठेवत होता. १२५७ चा पावसानं नासलेला हंगामही त्यात आहे, आणि ती पिकं नासली तेव्हा लोम्बोकच्या राखेला इंग्लंडच्या आभाळावर परिणाम करायला पुरेसा वेळच झालेला नव्हता. १२५८ च्या वसंतात महिनोन्‌महिने उत्तरेचा वारा, एप्रिल आला तरी फूल दिसेना, हे तोच लिहितो. खेड्यांतली माणसं अन्नासाठी लंडनला आली आणि तिथे मेली. राजाच्या भावानं जर्मनीतून धान्याची जहाजं पाठवली.

म्हणजे घर आधीच पोखरलेलं होतं, ज्वालामुखीनं लाथ घातली असेल फार तर. सगळं त्याच्या माथी मारू नका.

त्यात राजकारणही होतं. तिसऱ्या हेन्रीनं धाकट्या मुलाला सिसिलीचं राज्य मिळावं म्हणून पोपला १,३५,००० मार्कांवर रक्कम कबूल केली होती. देशात दाणा नाही आणि राजा कर मागतोय! एप्रिलअखेर सरदार चिलखतं घालून वेस्टमिन्स्टरला दाखल झाले. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या तरतुदी झाल्या. राजानं १५ जणांच्या मंडळाच्या सल्ल्यानं चालायचं, वर्षातून तीनदा पार्लमेंट. सायमन द माँटफर्ट हे त्यातलं गाजलेलं नाव. ऑक्टोबरात याची ग्वाही देणारं राजपत्र फ्रेंचबरोबर इंग्रजीतही निघालं. आणि ज्या सिसिलीसाठी एवढा खटाटोप, तिथे १० ऑगस्टला मान्फ्रेडनं पालेर्मोत स्वतःला राज्याभिषेक करून घेतला.

---

भूगर्भातला

१२५७ च्या पिकांबद्दल सहमत, तो पाऊस सामालासचा नाही. पण सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मार बसला म्हणजे बियाण्याचं धान्यसुद्धा खाल्लं गेलेलं असतं. पहिल्या वर्षी माणूस कर्ज काढतो, दुसऱ्या वर्षी गुरं विकतो, तिसऱ्या वर्षी गाव सोडतो. हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. ‘लाथ’ कधी बसली याला महत्त्व आहेच.

---

टांकसाळ

माझं मत बगदादलाच, पण वेगळ्या कारणानं.

माझ्या संग्रहात दिल्लीचा सुलतान बलबनचा एक चांदीचा टंका (नाणं) आहे, ११ ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूला सुलतानाचं नाव. दुसऱ्या बाजूला तीन ओळी : ‘अल-इमाम अल-मुस्तासिम अमीर अल-मुमिनीन’. बलबन गादीवर आला १२६६ मध्ये. खलिफा मरून आठ वर्षं झालेली!

बरं, दिल्लीला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. मिन्हाज सिराजनं दिल्लीत बसून १२६० मध्ये आपला इतिहास पुरा केला, त्यात बगदादचा पाडाव सविस्तर आहे. तरी मेलेल्या खलिफाचं नाव बलबननं ठेवलं, कैकुबादनं ठेवलं, जलालुद्दीन खिलजीनंही ठेवलं. १२९६ पर्यंत, ३८ वर्षं. सुलतानाला आपल्या गादीवर वरून कोणाचा तरी शिक्का हवा असतो, आणि शिक्का देणारं घराणंच बुडालं. मग करता काय? जुनाच शिक्का चालवायचा. कैरोत मामलुक सुलतान बैबर्सनं १२६१ मध्ये अब्बासी खलिफा उभा केला होता, पण दिल्लीनं तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. नाणं तोडलं अलाउद्दीननं. तोच, १२९६ मध्ये देवगिरी लुटून गेलेला. त्याच्या नाण्यावर खलिफाचं नाव नाही. स्वतःला ‘दुसरा सिकंदर’ आणि ‘खिलाफतीचा उजवा हात’ म्हणवून घेतलंय.

अवांतर : बलबनच्या लहान मिश्रधातूच्या नाण्यांवर मधे अरबीत ‘बलबन’ आणि भोवती गोल नागरी अक्षरांत श्री सुलतान गयासुद्दीन अशा अर्थाचा मजकूर असतो. टंका सरदार-सावकारांच्या हातात, छोटं नाणं बाजारात. कोणाला कोणतं अक्षर दाखवायचं हे टांकसाळीला बरोबर कळत होतं.

---

प्रश्नचिन्ह

सगळं वाचलं, मजा आली, पण मूळ कल्पनाच पटली नाही. कोणतंही साल घ्या आणि जगभर हात फिरवा, चार लढाया, दोन दुष्काळ आणि एक पुस्तक निघणारच. देवगिरीच्या जल्हणाला ना हुलागू माहीत ना हनोई. मग ‘त्याच वर्षी’ म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती सनाच्या रकान्यात बसलं एवढंच. जल्हणाचं साल शके ११७९, सादीचं हिजरी ६५६.

---

वाटाड्या

रास्त आक्षेप, आणि बराचसा मान्य. जल्हण आणि सादी शेजारी ठेवले ती माझी हौस. त्यात नातं नाही, मी तसा दावाही करत नाही.

पण सगळंच रकान्याचं नाही हो. बगदाद आणि थांग लाँग हा योगायोग फक्त तारखेचा. दोन्ही स्वाऱ्या मोंगकेच्या एकाच आखणीतल्या : एक भाऊ पश्चिमेला, दुसरा भाऊ कुबलाई आणि उरियांगखदाई दक्षिण चीनला वळसा घालायला. दाई व्हिएत हवा होता तो सुंग राज्याला खालून घेरण्यासाठी. त्याच वर्षी मोंगके स्वतः सुंगांवर निघाला. त्याच वर्षी कोरियात ६० वर्षं राजाला बाहुलं करून ठेवणाऱ्या चोए घराण्याचा शेवटचा हुकूमशहा मारला गेला. मंगोलांशी लढा चालू ठेवण्याचा आग्रह त्या घराण्याचा होता, आणि पुढच्या वर्षी कोरिया तहाला आला. लिथुआनियावर मंगोल सेनापती बुरुंदाईची स्वारी, तीही १२५८. मंगोल स्वारीतून वाचलेल्या रशियातल्या नोवगोरोदमध्ये मंगोलांचे शिरगणती करणारे घरोघर फिरत होते. करासाठी डोकी मोजायची म्हणून, आणि तिथला राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्कीला आपल्याच लोकांना दटावून ती मोजू द्यावी लागली.

कुबलाईनं तर १२५८ मध्ये बौद्ध आणि ताओपंथी यांचा जाहीर वादविवाद ठेवला होता. तिबेटचा तरुण फाग्पा बौद्धांच्या बाजूनं. ताओवाले हरले, त्यांच्या १७ जणांचं मुंडण करून त्यांना भिक्षू केलं आणि बनावट ठरलेले ग्रंथ जाळायचा हुकूम सुटला. बगदादच्या पुस्तकांचं आपण एवढं बोलतो, ही दुसरी होळी कोणाला ठाऊक नसते.

दिल्लीचं तर टांकसाळ यांनी सांगितलंच. त्यात भर : मुलतानला १२५७ च्या शेवटी साली नोयानची मंगोल फौज येऊन तटबंदी पाडून गेली होती. हुलागूचा हात तेव्हा दिल्लीपासून एवढ्या अंतरावर होता.

---

हळेबीड

दक्षिणेचं कोणी बोललंच नाही. म्हैसूरजवळचं सोमनाथपूरचं केशव मंदिर, प्रतिष्ठापना १२५८ ची. होयसळ तिसरा नरसिंह राजा, बांधणारा त्याचा सेनापती सोमनाथ दंडनायक. गावालाही त्याचंच नाव. तीन गर्भगृहं, प्रत्येकाचा तारकाकृती तळ, एकाच चौथऱ्यावर. खालच्या पट्ट्यात हत्तींची रांग, तिच्यावर घोडेस्वार, वर वेलबुट्टी, त्यावर रामायण-महाभारत-भागवताचे प्रसंग. दगड असा मऊ की खाणीतून काढल्यावर चाकूनं कोरावा, हवा लागत गेली की कठीण होतो. म्हणूनच मूर्तींच्या गळ्यातला मणी न्‌ मणी सुटा दिसतो.

आणि शिल्पी नावं कोरतात! मल्लितम्म हे नाव मूर्तींच्या पायाशी कितीतरी ठिकाणी आहे. वेरूळच्या कैलासाला अशी एकही सही नाही याची मला नेहमी चुटपुट लागते.

होयसळ आणि यादव हे हाडवैरी, म्हणजे जल्हणाचे हत्ती याच लोकांवर जाणार. वाटाडेबुवा, तुमच्या प्रश्नचिन्हांना हे नातं चालेल का?

---

प्रश्नचिन्ह

हत्तींचं चालेल. :)

---

अबोली

ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं काय चाललं होतं? बगदाद पडलं म्हणजे त्यांची चांदीच की.

---

वाटाड्या

चांदी कसली! ते आपसातच. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या एकर बंदरात व्हेनिस आणि जेनोवा यांची एका मठाच्या जागेवरून जुंपली होती. दोघांच्या वसाहती त्याच शहरात, मधे भिंती, एकमेकांच्या घरांवर यंत्रांनी दगडफेक. जून १२५८ मध्ये व्हेनिसच्या आरमारानं जेनोवाचं आरमार बुडवलं आणि जेनोवावाल्यांना गाशा गुंडाळून टायरला जावं लागलं.

त्याच ऑगस्टात तिकडे निकायाचा (कॉन्स्टँटिनोपल गमावलेल्या बायझंटाइनांच्या राज्याचा) सम्राट दुसरा थिओडोर वारला, सात वर्षांचा मुलगा मागे ठेवून. त्याच्या स्मरणार्थ चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाच राजपालक मुझालोनला सैनिकांनी कापून काढलं आणि कारभार मिखाएल पालेओलोगसच्या हाती गेला. याला हवं होतं कॉन्स्टँटिनोपल, जिथे व्हेनिसच्या पाठबळानं १२०४ पासून लॅटिन लोक (पश्चिम युरोपातले ख्रिस्ती) बसले होते. व्हेनिसवर डूख धरून असलेला आरमारवाला दोस्त त्याला आयताच मिळाला. १२६१ मध्ये जेनोवाशी तह झाला, पण त्यांची जहाजं पोचायच्या आतच त्याच्या एका सेनापतीनं कॉन्स्टँटिनोपल घेतलंही. तहातल्या सवलती मात्र जेनोवानं पुरेपूर वसूल केल्या. काळ्या समुद्राचा व्यापार पुढची दोन शतकं त्यांच्याच मुठीत.